खंबायतचा म्हातारा आणि साबरमतीचं वासरू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९१४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात जर्मनीतल्या बॉन शहराजवळ, ओबरकासेल इथं, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक जुनी कबर सापडली. तिच्यात दोन माणसं होती. एक पन्नाशीच्या आसपासचा पुरुष आणि एक तरुण स्त्री. हाडांवर लाल गेरू पसरलेला होता. त्यांच्याबरोबर एका जनावराचीही काही हाडं होती. लांडगा असेल, असं म्हणून ती बाजूला ठेवली गेली. ती लांडग्याची नसून कुत्र्याची आहेत, हे कळायला १९७०चं दशक संपत यावं लागलं. कबरीचं वय सुमारे चौदा हजार वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं माणसाबरोबर पुरलं, यात नवल काय? नवल पुढं आहे. २०१८ साली लुक यान्सेन्स या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या कुत्र्याचे दात नव्यानं तपासले. यान्सेन्स स्वतः पशुवैद्य. त्याला दातांच्या चकाकीत विशिष्ट खोबणी दिसल्या. दात तयार होत असताना पिल्लाला मोठा आजार झाला तर अशा खुणा राहतात. हे पिल्लू साधारण सात महिन्यांचं असताना मेलं होतं आणि पाच महिन्यांच्या सुमाराला त्याला डिस्टेंपर झाला होता. ज्यांनी घरात कुत्रं पाळलं आहे त्यांना हा शब्द सांगायला नको. उलट्या, जुलाब, ताप, मग फिट्स. औषधं असूनही आज त्यातून पिल्लू वाचवणं कठीण जातं. या पिल्लाला त्या आजाराचे एकामागून एक तीन झटके येऊन गेले होते, आणि तरीही ते त्यानंतर काही आठवडे जगलं होतं. एकटं असतं तर पहिल्या तीन आठवड्यांतच गेलं असतं. म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, घाण साफ केली. ते शिकारीला उपयोगी नव्हतं, राखणीला उपयोगी नव्हतं. ज्या काळात माणसाला शेती ठाऊक नव्हती, उद्याच्या जेवणाची खात्री नव्हती, त्या काळात कुणीतरी एका निरुपयोगी पिल्लापाशी रात्री जागवल्या होत्या.

मी सातारला एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या, लढाया फळ्यावर काढल्या. पण घरातलं जनावर मरायला टेकलं की माणूस काय करतो, याचाही इतिहास असतो हे मला फार उशिरा सुचलं. त्याची कागदपत्रं एका ठिकाणी नाहीत. ती हाडांत आहेत, प्रवाशांच्या रोजनिशांत आहेत, पोलिसांच्या हुकुमांत आहेत, आणि एका मोठ्या माणसाच्या साप्ताहिकातल्या लेखांत आहेत. त्यातलं थोडं आज तुमच्यासमोर मांडते.

प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरची सगळी माणसं भुवया भादरत आणि कुत्रं मेलं तर डोकं आणि अंगही, असं हिरोडोटस लिहून ठेवतो. तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं एक बंदर होतं. रोमन काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याशी ज्या बंदरांचा व्यापार चाले त्यांतलं ते एक. तिथं गेल्या काही वर्षांत पोलिश संशोधकांनी पाळीव प्राण्यांचं एक स्मशान उकरून काढलं. पाचशेच्या वर कबरी आहेत. बहुतेक मांजरांच्या, काही कुत्र्यांच्या, आणि काही माकडांच्या. ही माकडं हिंदुस्थानातली. मिऱ्यांच्या पोत्यांबरोबर कुणीतरी हौसेनं आणलेली असणार. काही कुत्री इतकी म्हातारी होऊन मेली आहेत की तोंडात दात उरलेले नाहीत. दात नसलेल्या कुत्र्याला त्या वाळवंटात कुणीतरी मऊ अन्न भरवत होतं, याचा याहून निराळा पुरावा काय हवा?

आपल्याकडे वळू या. सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख प्रसिद्ध आहेत. आपल्या नालासोपाऱ्याला त्यांतल्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे सापडले. मला इथं हवा आहे तो दुसरा लेख, तो गिरनारला पाहायला मिळतो. राजानं दोन प्रकारच्या चिकित्सेची सोय केली, असं त्यात म्हटलं आहे: माणसांची आणि पशूंची. दोन्ही एका दमात. आपल्याकडची जनावरांच्या सेवेची परंपरा किती जुनी आहे हे सांगताना हा लेख नेहमी पुढं केला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण चिकित्सेनं काम भागलं नाही तर पुढं काय, याबद्दल त्या दगडावर काही नाही.

त्या पुढच्या प्रश्नाला गुजरातेतल्या जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी एक उत्तर शोधलं. ते म्हणजे पांजरापोळ. १६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी खंबायतला आला होता. तिथं पक्ष्यांचं इस्पितळ आहे असं ऐकून तो मुद्दाम पाहायला गेला. लंगडे, आंधळे, जखमी पक्षी तिथं ठेवलेले होते. पण त्याचं लक्ष वेधलं ते भलत्याच गोष्टीनं. पांढऱ्या दाढीचा, नाकावर चष्मा लावलेला एक म्हातारा एका पेटीपाशी बसला होता. पेटीत कापूस होता आणि कापसात उंदराची इवलीशी पिल्लं. त्यांची आई नव्हती. ती इतकी लहान होती की म्हातारा पक्ष्याच्या पिसानं त्यांना दूध पाजत होता.

मला हा म्हातारा फार आवडतो. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. युरोपियन प्रवाशांनी अशा जागांची पुढं पुष्कळ थट्टा केली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्यानं सुरतेतल्या ढेकणांच्या इस्पितळाची हकीकत लिहिली, आणि ती इतकी चवीनं वाचली गेली की जो तो तीच सांगू लागला. देल्ला वाल्लेच्या म्हाताऱ्याकडे मात्र हसण्यासारखं काही नाही.

पांजरापोळीचा नियम सोपा होता. आलेल्या जिवाला चारापाणी द्यायचं, सावली द्यायची आणि त्याला त्याच्या वेळेनं जाऊ द्यायचं. बरं करण्याची फारशी साधनं नव्हती. मारायचं तर नव्हतंच. यातला चांगुलपणा उघड आहे. यातली अडचणही उघड आहे, पण ती अडचण म्हणून दिसायला दुसरा काही पर्याय समोर यावा लागतो. तो पर्याय एकोणिसाव्या शतकात मुंबईत आला, आणि आला तो दंगलीच्या वाटेनं.

१८३२च्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागं बक्षीस द्यायचं, असा सरकारी रिवाज होता. बक्षिसाच्या लोभानं शिपाई लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाज खवळला. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं. माणूस वारला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी म्हणून कुत्रं आणलं जातं, त्या विधीला सगदीद म्हणतात. म्हणजे जो प्राणी आपल्या अखेरच्या घटकेचा साक्षीदार, त्यालाच रस्त्यात दंडुक्यानं मारायचं! दुकानं बंद झाली, हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले, फौज बोलवावी लागली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरच्या गर्दीतला तो पत्ता जुन्या मुंबईकरांना माहीत आहे.

पुढं १८७४ साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली, आणि १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ झालं. त्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव आहे. १८८६ साली तिथंच पशुवैद्यक महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले. भुलेश्वर ते परळ हे अंतर फार नाही, पण या दोन जागांमध्ये एक मोठा फरक होता. भुलेश्वरला आलेलं जनावर सांभाळलं जाई. परळला आलेलं जनावर तपासलं जाई. आणि जिथं तपासणी आली तिथं निदान आलं, आणि निदान आलं की कधी ना कधी ते वाक्यही आलं: आता उपाय नाही.

उपाय नसलेल्या जनावराला वेदना न होता मारावं, हा विचार त्याच सुमाराला इंग्लंडात रुजत होता. तिथं लंडनच्या बॅटरसी श्वानगृहात १८८४ साली बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या डॉक्टरानं एक बंद खोली तयार केली. तीत क्लोरोफॉर्म आणि वायू सोडून कुत्र्यांना मारत. नको असलेली कुत्रीही त्यातच जात, हे विसरून चालणार नाही. दया आणि सोय यांची सरमिसळ तेव्हापासूनची आहे. १९०३ साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल हे झोपेचं औषध पुढं आणलं. त्याचा गुण त्यांनी पाहिला तो कुत्र्यांवर. कुत्री गाढ झोपी जात. त्याच कुळातलं एक जालीम औषध जास्त प्रमाणात शिरेत दिलं की आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. आजचे पशुवैद्य जे इंजेक्शन देतात ते बहुधा याच घराण्यातलं असतं. ‘झोपवलं’ हा शब्द आपण मन राखायला वापरतो असं वाटतं, पण सुरुवातीची काही सेकंदं तो अगदी खरा असतो.

आता त्या वासराकडे येते.

१९२६ साली अहमदाबादमध्ये एका गिरणीमालकानं आपल्या आवारात जमलेली साठ कुत्री मारवली. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती. शहरातल्या जीवदया मंडळींनी गांधीजींना विचारलं, तुमचं यावर काय म्हणणं? त्यांनी गिरणीमालकाची बाजू घेतली. दुसरं काय करता आलं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर इतकी पत्रं आली की ‘यंग इंडिया’त त्यांना लेखांमागून लेख लिहावे लागले. रस्त्यावरच्या कुत्र्याला पोळी टाकायची पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही, याला ते दया म्हणायला तयार नव्हते. कुत्रं पाळायचं तर नीट पाळा, असा त्यांचा रोख होता.

पण तो वाद मोकाट कुत्र्यांचा होता. खरी कसोटी दोन वर्षांनी त्यांच्या अंगणात आली. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडलं. उपचार झाले, पशुवैद्य आले. त्यांनी हात टेकले. वासराला कूस बदलवली तरी असह्य वेदना व्हायच्या. गांधीजींनी आश्रमाच्या मंडळींशी चर्चा केली, शेजाऱ्यांशीही केली. एका शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, हा त्यांचा मुद्दा. गांधीजींना तो इथं लागू वाटला नाही. स्वार्थासाठी जीव घेतला असता तर ते बोलणं योग्य होतं, असं त्यांनी म्हटलं. मग डॉक्टर आले, गांधीजी समोर उभे राहिले आणि विषाचं इंजेक्शन दिलं गेलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं.

हे गुपचूप करता आलं असतं. आश्रमाच्या भिंतीआड एक वासरू मेलं, एवढीच बातमी झाली असती, किंवा तीही नाही. त्यांनी सप्टेंबरअखेरीस ‘नवजीवन’मध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘यंग इंडिया’त स्वतःच ते सगळं लिहून काढलं. गोरक्षणाची भाषा बोलणाऱ्या, अहिंसेचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या माणसानं गाईचं वासरू मारवलं, आणि तेही अहमदाबादेत! शिव्यांची पत्रं आली. त्यांनी त्यांतल्याही काहींना उत्तरं दिली. माणसाच्या बाबतीत हेच कराल का, असं कुणी विचारेल हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. तत्त्व तेच, असं ते म्हणाले. मात्र माणसाची सेवा बहुतेक वेळा करता येते, जनावराची तशी करता येईलच असं नाही, हा व्यवहारातला फरक त्यांनी दाखवला.

नंतरच्या लेखात त्यांनी चार अटी घातल्या. आजार असाध्य असला पाहिजे. ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांनी आशा सोडलेली असली पाहिजे. कसलीही मदत किंवा सेवा पोचू शकणार नाही अशी अवस्था असली पाहिजे. आणि आजाऱ्याला आपली इच्छा सांगणं अशक्य असलं पाहिजे. चारांतली एक जरी अट पुरी झाली नसेल तर जीव घेणं अहिंसेत बसत नाही. मला यातली तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिली डॉक्टर सांगतो, दुसरी घरचे सांगतात, चौथी तर जनावराच्या बाबतीत नेहमीच खरी. तिसरीचं उत्तर मात्र ज्यानं सेवा केली आहे त्यालाच देता येतं. ज्यानं रात्री उठून पाणी पाजलं नाही, त्याला ‘आता सेवेचा उपयोग नाही’ असं म्हणायचा हक्क नाही, असा तिचा मी अर्थ लावते.

हा अर्थ मी पुस्तकावरून लावलेला नाही. आमच्याकडे काळू नावाचा कुत्रा होता. गल्लीतला, कुठल्या जातीबितीचा नाही. तेरा वर्षांचा झाला आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होत गेली. आधी पाणी फार पिऊ लागला, मग खाणं सुटलं. दूधभाकरी समोर ठेवली की तो आमच्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. तोंडाला एक आंबूस, औषधी वास यायला लागला. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते आम्हाला शिकवलं. ह्यांनी बाटली धरायची, मी मानेची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. पहिले पंधरा दिवस त्यानं तो उठून बसत होता, दारात गाडी वाजली की शेपटी हलवत होता. नंतर सलाईन तसंच कातडीखाली गोळा होऊन राहू लागलं. रक्ताचा रिपोर्ट दर वेळी वरचा आकडा दाखवी. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, “मॅडम, मी हे तुमच्यासाठी ठरवणार नाही. पण तुम्ही ठरवलंत तर मी घरी येईन.”

सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. “आपल्या हातानं नको. दावणीच्या म्हाताऱ्या बैलालासुद्धा आपण असं केलं नाही.” त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. म्हातारा बैल गोठ्यातच शेवटचा श्वास घ्यायचा, मग शेताच्या बांधाला खड्डा, वर मीठ, आणि त्या दिवशी घरात चूल नाही. खंबायतचा म्हातारा माझ्या घरात सासूबाईंच्या रूपानं बसला होता, आणि साबरमतीची बाजू मांडायला मी. ह्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. नेहमीप्रमाणे.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण त्या नुसत्या बोलत नव्हत्या. त्या रात्री त्या काळूच्या पोत्याशेजारी चटई टाकून झोपल्या. दुसऱ्याही रात्री. त्याला फिट आली की उठून त्याचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून हात खाली घालायच्या. गुडघे दुखणारी बाई रात्रीतून सहासहा वेळा उठत होती. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, “बोलाव गं त्यांना. माझा हात लागला तरी त्याला दुखतंय.” गांधीजींची तिसरी अट म्हणजे काय, हे मला त्या वाक्यानं समजलं. डॉक्टर दुपारी आले. सासूबाईंनी हात त्याच्या डोक्यावरच ठेवला होता.

आता कायद्याविषयी थोडं, कारण हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. जनावर जगवणं हीच क्रूरता ठरेल, अशी त्याची अवस्था असेल तर त्याला संपवण्याची तरतूद त्यात आहे, आणि ती पशुवैद्याच्या मताशी बांधलेली आहे. भटक्या कुत्र्यांसाठी २००१ साली नियम झाले. पुढं २०२३ मध्ये ते नव्या रूपात आले. २००१च्या नियमांत असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला दयामरण कसं द्यायचं, हे लिहिताना एक ओळ घातलेली आहे: दुसऱ्या कुत्र्याच्या देखत हे करायचं नाही. सरकारी भाषेत मी वाचलेल्या ओळींपैकी ही मला फार माणुसकीची वाटते. १८३२च्या हुकमापासून इथवर यायला पावणेदोनशे वर्षं जवळजवळ लागली.

माणसांच्या बाबतीतला वादही परळलाच झाला, हा योगायोग. जनावरांच्या इस्पितळापासून केईएम रुग्णालय लांब नाही. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षांजवळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरण यावं म्हणून झालेला अर्ज सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली फेटाळला, आणि त्याच निकालात काही अटींवर उपचार थांबवायची वाट उघडली. फेटाळण्यामागं एक मोठं कारण होतं. त्यांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना ते नको होतं. २०१५ साली अरुणाबाई न्यूमोनियानं गेल्या. त्या परिचारिका बरोबर की अर्ज करणाऱ्या बाई बरोबर, यावर मी मत देणार नाही. पण न्यायालयानं सेवा करणाऱ्या हातांना आधी विचारलं, ते मला पटतं.

मग उरतो तो मेल्यानंतरचा प्रश्न. माणूस गेला की दहावं आहे, तेरावं आहे, भेटायला येणारी माणसं आहेत. कुत्रं गेलं की दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागतं, आणि डोळे का सुजले याचं कारण सांगता येत नाही. “दुसरं आणा” हा सल्ला देणारे चांगल्या मनानंच देतात. ऐकणाऱ्याला तो कसा लागतो हे त्यांना माहीत नसतं, एवढंच. लंडनमध्ये हाइड पार्कच्या कडेला १८८१ साली, पॅरिसजवळ आनिएर इथं १८९९ साली कुत्र्यामांजरांची दफनभूमी सुरू झाली आणि तिथल्या लोकांना निदान एक जागा मिळाली. मुंबईत महापालिकेनं मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली ती २०२३ साली. उशीर झाला खरा. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, ज्याच्या मालकीची वीतभर माती नाही त्याला, ती किती मोठी सोय आहे हे ज्याच्यावर वेळ आली त्यानं सांगावं. आमच्याकडे तिसऱ्या आळीतल्या परसात लिंबाचं झाड होतं, म्हणून निभावलं.

साताऱ्याच्या श्रोत्यांना संगम माहुली माहीत आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्यातल्या समाध्यांच्या सोबतीला एका कुत्र्याची समाधी आहे. ती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्याची. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी कथा सातारकर सांगतात. (रायगडावरच्या वाघ्याचा विषय मी मुद्दाम काढत नाही. त्याच्यावर पंधरा मिनिटांत बोलणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.) शाहू महाराज १७४९ साली गेले. त्यांच्या राज्याचे हिशेब इतिहासकार अजून मांडताहेत. पण शाळेची सहल नेली की पोरं आधी त्या कुत्र्यापाशी जायची, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव.

याहून जुना एक दगड कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावचा आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्यानं कोरवलं त्या राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण यानं ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्या लढाईत गंग राजा बूतुग त्याच्या बाजूनं लढला. बूतुगाच्या पदरी मनलेर नावाचा वीर होता. पराक्रमावर खूश होऊन राजानं त्याला माग म्हटलं. त्यानं गाव मागितलं नाही, हत्ती मागितला नाही. काळी नावाची एक शिकारी कुत्री मागितली. पुढं त्या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं. दोघांनी एकमेकांना मारलं. मनलेरानं तिच्यासाठी देवळासमोर दगड उभा केला, त्यावर कुत्री आणि डुक्कर झुंजताना कोरून घेतले आणि दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. ज्या पुजाऱ्याकडे ती जमीन असेल त्यानं या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही, जेवला तर पाप लागेल, अशी तंबी त्याच दगडावर आहे. तो दगड आता बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे.